मागच्या खिशावरचा चौकोन

माझी आई नव्या जीन्स जुन्या करते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात ती वीस वर्षं हेच काम करतेय. लाकडी फळीवर पॅन्ट चढवायची आणि मांड्या, गुडघे, खिशांच्या कडा काचपेपरने घासायच्या. कुणीतरी ती वर्षानुवर्षं वापरली आहे असं वाटलं पाहिजे. संध्याकाळी ती बुवापाड्याला घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर निळी भुकटी असायची. लहानपणी मला वाटायचं, आई आभाळात कुठेतरी कामाला जाते.

जेवताना ती त्या दिवशीची माणसं सांगायची.

"आज एक रिक्षावाला केला. डाव्या खिशात तंबाखूची डबी, तिथे गोल पांढरा. मग एक मास्तर. खडूचे हात सारखे मांडीला पुसतो मेला."

शेठला माणसं नको होती, नुसता फेड, म्हणजे उडालेला रंग, हवा होता. पण माणूस डोळ्यांसमोर आल्याशिवाय आईचा हात चालायचा नाही. "फेड कुणाचा ते नको कळायला?" असं तिचं म्हणणं. ती माणसं माझ्या झोपेत यायची आणि ओळखीच्या लोकांसारखी दारात उभी राहायची. एकदा बाजारात एक चष्मेवाला तरुण दिसला. त्याच्या डाव्या खिशावर तो गोल होता. त्याने आयुष्यात तंबाखू मळली नसेल, पण तो आईच्या रिक्षावाल्याचे पाय घालून भाजी घेत होता. मी त्याच्या मागे मागे बरीच लांब गेले.

घराचा दुसरा अर्धा भाग पत्रकांचा होता. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. संघटनेची पत्रकं ते स्वतः लिहायचे आणि गेटवर वाटायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'जाहीर' आणि 'निषेध' मला 'कमळ'च्या आधी वाचता आले. माझ्या वह्यांना कव्हरंही पत्रकांचीच असायची. बाबा पत्रकाची चौघडी करून मागच्या उजव्या खिशात ठेवायचे. तिथे झिजून झिजून एक फिकट चौकोन उमटला होता. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. ती पॅन्ट ट्रंकेत आहे.

गेल्या वर्षी शेठने लेझर मशीन आणलं. त्याची मुलगी डिझाइन शिकून आली होती. ती एआयकडून झिजलेल्या कापडाची चित्रं काढून घ्यायची आणि मशीन ती बघता बघता पॅन्टवर जाळून उमटवायचं. पहिल्या बारा पॅन्टी तिने आईपुढे मांडल्या.

"आंटी, देखो ना. सब ठीक है, फिर भी कुछ गडबड है. क्या है, समझ नहीं आ रहा."

आईने घरी येऊन हे सांगितलं तशी मी उसळले. "तोंड उघडू नकोस. तू सांगशील ते मशीन शिकेल आणि तुलाच घरी बसवेल."

आई तांदूळ निवडत होती. "सांगून झालं."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, हा माणूस कधी बसलाच नाहीये."

तिने बोटाने ताटातल्या तांदळावर आकृती काढून दाखवली. गुडघे पांढरे, मांड्या पांढऱ्या, आणि मागची बाजू मात्र दुकानातून आणल्यासारखी गडद. "चालतोय आणि चालतोय. दमला असेल गं. मला राहवेना. बसवला त्याला."

मग तिने रिक्षावालाही दिला, मास्तरही दिला. ती बोलायची, शेठची मुलगी ते टाइप करायची आणि त्या वाक्यांतून मशीन माणसं काढायचं. मला वाटलं होतं, ती बिघडलेली निघतील. "मास्तर तर माझ्यापेक्षा बरा काढलाय," आई म्हणाली. याचाच मला जास्त राग आला.

एका रविवारी सकाळी बसून मी पत्रक लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. 'श्रमिक महिलेच्या सर्जनशीलतेची ही उघड लूट आहे! तिच्या घामावर यंत्राचा कब्जा...' आईने सगळं ऐकून घेतलं.

"ही बाई कोण?"

"तूच की."

"हिचं कोपर कसंय?"

मी कागदाकडे पाहिलं. कोपर नव्हतंच.

"माझं गणपतीपासून वळत नाही," आई म्हणाली. "भुकटीने नाक चोंदतं. ही तुझी बाई नुसती मूठ वर करून उभीय. हीपण कधी बसली नाही वाटतं."



माझं खोटं नव्हतं. दिवाळीपर्यंत घासायच्या टेबलावरच्या सहा बायकांतल्या दोनच उरल्या. आईला ठेवलं, पण आठवड्यातले तीनच दिवस. आजही माझं म्हणणं तेच आहे: माणसं तिची आहेत, त्यांच्यावर तिचं नाव पाहिजे आणि काम गेलेल्या चौघींना विचारलं गेलं पाहिजे. पत्रक मात्र मी पुन्हा लिहिलं. आता ते आईच्या कोपरापासून सुरू होतं.

रिकाम्या दिवसांत आई घरी पोळपाट पालथा घालून त्यावर काहीतरी घासत बसायची. विचारलं तर "काही नाही" म्हणायची. दुपारी दारातून ऊन आत यायचं, त्यात निळी भुकटी हळूहळू तरंगायची आणि घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. महिन्याभराने तिने माझ्या हातात एक पॅन्ट ठेवली. शिवण तिरकी गेली म्हणून कारखान्याने बाजूला टाकलेला पीस. गुडघे नेमके झिजवलेले. मागच्या उजव्या खिशावर फिकट चौकोन.

मी त्यावरून बोट फिरवलं.

"हा माणूस दिलास का त्यांना?"

"शेठच्या पोरीने विचारलं, और कोई है क्या आंटी? म्हटलं, नाही बाई, संपली माणसं."

"आणि हे गुडघे? मी एवढी कुठे चाललेय अजून?"

"चालशील. घाल आधी."

मी पॅन्ट घातली. नव्या पत्रकाची चौघडी करून खिशात सरकवली. कागद चौकोनाच्या बाहेर बोटभर डोकावत होता.

आईने मान वाकडी करून पाहिलं. "तुझे बाबा कमी लिहायचे," ती म्हणाली.