आठ नंबरचे बूट

"मामा, हे चोवीस पाय तेवढे बघून द्या," आमच्या चर्चचे सेक्रेटरी म्हणाले.

दुःखसप्ताहातला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी पाय धुण्याचा विधी. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूनं कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. यंदा धुवायला बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. कुणाच्या पायाला खरूज-चिखल्या असल्या तर पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून मला बोलावलेलं. मी सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुवून पट्ट्या बांधणारा. नाव शांतवन. ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला.

बारा जण हॉलमध्ये ओळीनं खुर्च्यांवर बसले होते. पाय बघितले आणि माझं डोकंच फिरलं. सगळे घरून घासूनपुसून आलेले! एकानं तर नवी पेठेत जाऊन नखं करून घेतली होती. वर पावडर. अहो, धुतलेलेच पाय धुवायचे तर पाहुणे तरी कशाला बोलवायचे?

"सगळे पास," मी म्हणालो. "आता धुवू नका. मळतील."

तेवढ्यात इस्माईलभाई नवे टॉवेल घेऊन आत आले, आणि पावडरच्या वासातून मला दुसराच वास आला. गोडसर, कुजका. तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. पायात पू धरला की येतो.

इस्माईलभाई आमचे वॉचमन. साठीचे, शुगरवाले. नाताळात चर्चनं भेट दिलेले काळे बूट घालून दिवसभर गेटवर उभे. बसायचं नाही, असा कमिटीचा नियम. बसला की वॉचमन झोपतो म्हणे.

"भाई, बूट काढा."

"नक्को साब. कुछ नई हुआ. दुखता भी नई."

दुखत नाही, हीच तर भानगड. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव जाते. खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही. तुमचाआमचा पाय बोंबलून सांगतो, ह्यांचा गप्प राहून सडतो.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खाली बसून लेस सोडली. बूट निघाला, मोजा निघेना. करंगळीपाशी पू वाळून कातड्याला चिकटला होता. असा मोजा ओढायचा नसतो, कातडं सोबत येतं. कोमट पाण्यात भिजवून काढायचा. जवळ भांडं एकच होतं, उद्यासाठी चिंचेनं घासून चकचकीत केलेलं पितळी घंगाळ. मी ते ओढलं.

"शांतवनराव! अहो, ते उद्याचं आहे!" सेक्रेटरी ओरडले. लाडात असले की मामा, चिडले की शांतवनराव.

"मग आज काय त्याचा उपास आहे?"

"तसं नाही हो. पण हा माणूस आपल्यातला पण नाही. विधी उरकला की लगेच दवाखान्यात पाठवू की. उद्या गेटवर कुणीतरी नको का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पाय धुवायच्या कार्यक्रमासाठी सडका पाय गेटवर उभा करणार हे!

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी ओरडलो. "धुतलेले पाय खुर्चीवर आणि पुवाचा पाय उन्हात? ह्याला भक्ती म्हणत असाल तर मी आजपासून घरी बसतो!"

आमचे पाळक तरुण. त्या बारा जणांच्या मागं बसले होते. ते उठले, चर्चमागच्या आपल्या घरातून कोमट पाण्याची बादली आणली आणि सेक्रेटरींकडे न बघता घंगाळात ओतली.

इस्माईलभाई पाय मागे घ्यायला लागले. "साब, आप पाँव को हात नक्को लगाओ. गुन्हा लगता मेरेकू."

"गप बसा. तेहतीस वर्षं पगार घेऊन हेच केलंय."

मोजा सुटला. करंगळी काळी पडली होती. लाली घोट्याच्या वर चढलेली. लाली वर सरकते म्हणजे पू आतून पसरतोय, आता तासांचा खेळ. मी नव्या टॉवेलातला एक उचलून पाय गुंडाळला. आपल्याच सोलापूरच्या मागावरचा, जाडजूड.

"टॉवेल अकराच राहिले," सेक्रेटरी म्हणाले. खरंच म्हणाले!

पाळकांनी गाडी काढली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. करंगळी गेली, पाय राहिला. "उद्या आणला असता तर गुडघ्याखाली कापावा लागला असता," सर्जनसाहेब म्हणाले.

गुरुवारी विधी वेळेवर झाला. मी गेलो नाही. वॉर्डात खाटेशेजारी बसून होतो आणि सेक्रेटरींना सुनवायचं भाषण मनात घोळवत होतो. चांगलं झणझणीत जमलं होतं. तेवढ्यात इस्माईलभाईंनी डोळे उघडले.

"साब, बूट किधर है? चर्च के है. गुम नई होना."

खाटेखाली होते. मी उचलून आत बघितलं. नंबर आठ. कालच तो पाय माझ्या हातात होता. नऊशिवाय भागणार नाही असा पाय.

"भाई, तंग होत होते?"

"हौ. थोडे."

"मग बोलला का नाही?"

"भेट थी ना साब. सब के साथ फोटो निकाले. भेट का नंबर कौन पूछता?"

कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. बुटांचा ठराव नाताळाआधी कमिटीत आला होता. सूचक सेक्रेटरी. अनुमोदक मी! गरिबाच्या पायात बूट घालणं हीच खरी सेवा, असं मोठ्या तोंडानं बोललोही होतो. जन्मभर पाय बघितले मी, आणि दर रविवारी त्याच गेटातून भाईंना सलाम ठोकून आत गेलो. एकदाही खाली बघितलं नाही. आता ते झणझणीत भाषण कुणाला देऊ?

पुढच्या मीटिंगला मी दोनच गोष्टी मागितल्या. गेटवर खुर्ची, आणि भाईंना मऊ रबराच्या तळाची चप्पल, माप घेऊन.

"माप कशाला?" सेक्रेटरी म्हणाले. "अंदाजे नऊ घेऊ की."

मी टेबलावर हात आपटला. "अंदाजानंच करंगळी गेलीय! कागद-पेन्सिल घ्या आणि चला त्यांच्या घरी."

आले बिचारे. फरशीवर गुडघे टेकून त्यांनी इस्माईलभाईंचा पाय कागदावर आखला. रेघ वाकडी गेली, दोनदा खोडावं लागलं. फोटो काढायला कुणी नव्हतं.

चर्चमध्ये आता कुणी सेवेचं नाव काढलं की मी एवढंच विचारतो, "नंबर किती?"