गुरुवारचा रकाना

जुलैचा पहिला सोमवार, दुपारी तीन. ग्वाल्हेर, सिटी सेंटरमधलं आमचं ऑफिस, दुसरा मजला.

उपस्थित: ग्रामीण वाहतूक कक्षाचे प्रमुख सक्सेना साहेब. बसमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष सिकरवार. करौंदी पंचायतीचे सचिव. समन्वयक म्हणून मी. मिनिट्स लिहिणारीही मीच.

यादीत नसलेली, पण दाराशी खुर्चीवर बसलेली: करौंदी गावची रामबेटी. वय पस्तिशीचं. डाव्या हाताला ताजी पट्टी. ती थेट हॉस्पिटलमधून आली होती. तिचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं. मागच्या गुरुवारी ते झालंच नव्हतं, कारण आमच्या नव्या टाइमटेबलमुळे तिची बस चुकली होती.

ते टाइमटेबल मी बनवलं होतं.

आधी टाइमटेबल काय होतं ते सांगते. सरकारी बस बंद झाल्यापासून आमच्या भागातल्या खेड्यांत खाजगी बस चालतात. पूर्वी प्रत्येक बस आपापल्या मर्जीने गावोगाव फिरत यायची. काही गावांना दिवसाला तीन गाड्या, काहींना एकही नाही. नव्या रचनेत आम्ही मोठ्या बस फक्त मुख्य रस्त्यावर ठेवल्या. गावातून तिठ्यापर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत तिराह्यापर्यंत, पंचायतीची छोटी गाडी. तिला आम्ही जोड-फेरी म्हणतो. छोटी गाडी माणसं आणून सोडणार, मोठी बस त्यांना शहरात नेणार. फेऱ्या वाढल्या, बहुतेक गावं खूश झाली.

करौंदीची जोड-फेरी सहा वीसला सुटते आणि बडेरा गावावरून सहा पन्नासला पिपरौली तिराह्याला पोचते. तिथून सिकरवारांची बस सातला सुटते, साडेआठला ग्वाल्हेर. रामबेटीला हॉस्पिटलमध्ये नऊला पोचायचं असतं. कागदावर सगळं जुळत होतं. सोमवारी प्रत्यक्षातही जुळलं. गुरुवारी छोटी गाडी तिराह्यावर सव्वासातला आली. ग्वाल्हेरची पुढची बस आठ दहाला.

"क्यों लेट हुई?" साहेबांनी सचिवांना विचारलं.

"सर, बृहस्पतिवार था."

"तो?"

"बडेरा में हाट लगती है. भाजीवाले बोरे चढ़ाते हैं, कपड़ेवाले गठरियाँ. बीस-पच्चीस मिनट तो लगते ही हैं."

मी पेन खाली ठेवलं. टाइमटेबलसाठी मी सहा आठवडे गावोगाव माहिती गोळा केली होती. गावाचं नाव, लोकसंख्या, शाळा, अंतर, रस्ता पक्का की कच्चा. एकूण चौदा रकाने. हाटाबद्दल एकही नाही.

"सचिवजी, ये आपने मुझे पहले क्यों नहीं बताया?"

"मैडम, आपने गाँव पूछे थे, दिन थोड़े ही पूछा था." ते खरोखर गोंधळले होते. "और हाट का तो बच्चा-बच्चा जानता है. इसमें बताने का क्या था?"

माझ्या तक्त्यात सातही वार सारखे होते. मी जन्माने ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, दाना ओलीतली. आमच्याकडे बाजार रोजच भरलेला. आठवड्यातून एकदा भरणारा बाजार माझ्या डोक्यातच नव्हता.

आता उपाय. पहिला उपाय सरळ होता: गुरुवारी जोड-फेरी अर्धा तास आधी सोडायची. पण वेळ बदलायची तर नवा आदेश हवा, त्यावर दोन विभागांच्या सह्या हव्यात. साहेबांनी हिशेब केला. "तीन हफ्ते. जल्दी करूँ तो दो."

मी हॉस्पिटलमध्ये माधुरीला फोन लावला. डायलिसिस वॉर्डची ती सिस्टर, माझी शाळेपासूनची मैत्रीण.

"सुनंदा, मी एकदा सांभाळून घेतलं गं," ती म्हणाली. "शुक्रवारी मधे घुसवलं तिला. पण बाई पूरी सुजली होती. श्वास लागला होता. या गुरुवारी परत नाही आली तर डॉक्टर तिचा नंबर दुसऱ्याला देतील. बाहेर लाइन लागलीय. नऊ म्हणजे नऊ हं."

म्हणजे दोन आठवडे थांबायची सोय नव्हती. मधे फक्त मंगळवार आणि बुधवार होते.

मी सिकरवारांकडे वळले. "भाईसाब, गुरुवार को पंद्रह मिनट रुकवा दीजिए बस."

"मैडम, मैं तो रुकवा दूँ. पर सात-पाँच पर शिवपुरीवाली लगती है, दूसरे मालिक की."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. खाजगी बसच्या धंद्यात परमिटवर लिहिलेली वेळ ही मालमत्ता असते. तिला नुसतं 'टाइम' म्हणतात. सिकरवारांची ग्वाल्हेरची बस आणि ती शिवपुरीची बस, दोघींचा पहिले दहा किलोमीटर रस्ता एकच, मग फाटा फुटतो. त्या दहा किलोमीटरमधल्या सवाऱ्यांवर दोघांचा डोळा. एकाची गाडी दुसऱ्याच्या टाइमात उभी राहिली की त्याने दुसऱ्याच्या सवाऱ्या पळवल्या असं धरतात. मग शिवीगाळ, कधी काचाही फुटतात.

"पिछले साल इसी बात पे मेरे कंडक्टर का सर फूटा था," सिकरवार म्हणाले. "आप लिखकर दे भी दो, तो तिराहे पे कागज कौन पढ़ेगा?"

रामबेटी तोपर्यंत दाराशी बसून ऐकत होती. आता उठली. "जिज्जी, पुरानी बस घर के सामने से जाती थी," ती मला म्हणाली. "वो ही लौटा दो."

मी 'बघते' म्हणाले. तिने मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नाही, ऐकल्याची पोच दिल्यासारखी.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी पिपरौली तिराह्यावर होते. एक चहाची टपरी, रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी, एक कडुलिंब. शेड नाही. लोक मोरीच्या कठड्यावर बसतात. मी रजिस्टर उघडलं आणि कोण कधी येतं ते लिहायला लागले.

सहा चाळीसला मोटरसायकलवर दुधाचे कॅन लावलेला एक माणूस आला. नाव कप्तान सिंह, राहणार करौंदी.

"तुम बडेरा से नहीं आए?"

"नहर की पटरी से आया, मैडम. बडेरा बीच में आता ही नहीं."

माझ्या जीवात जीव आला. "रामबेटी को पीछे बिठाकर ला सकते हो?"

त्याने कॅनांकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन, मागच्या सीटवर एक आडवा. "बोलो तो दूध छोड़ दूँ, पर फिर डेरीवाला मुझे छोड़ देगा." आणि कालव्याची ती पटरी इतकी अरुंद की चार चाकं तिच्यावरून जात नाहीत. तोही उपाय खोडला.

सिकरवारांची बस आली. ड्रायव्हर मुन्ना, पन्नाशीचा, तोंडात पान. मी त्यालाही तेच विचारलं. गुरुवारी थांबशील का?

"सवारी के लिए नहीं रुक सकता," तो म्हणाला. "गमछा पड़ा हो तो रुक सकता हूँ."

"मतलब?"

त्याने माझ्याकडे सचिवांसारखंच बघितलं. इतकी साधी गोष्ट हिला कळत नाही, अशा नजरेने. मग समजावलं. खिडकीतून सीटवर गमछा किंवा रुमाल टाकून जागा धरतात, हे मलाही ठाऊक होतं. पण या रस्त्यावर त्याच्यापुढचा एक नियम आहे. गमछा पडला म्हणजे ती सवारी बसली. ती चहा पीत असो नाहीतर वाटेत असो, ती त्या बसची. तिच्यासाठी थांबणं म्हणजे दुसऱ्याची सवारी पळवणं नव्हे. फक्त दार बंद ठेवायचं, आवाज द्यायचा नाही, नवी सवारी घ्यायची नाही. मग मागच्या गाडीवाल्याला बोलायला जागाच राहत नाही.

"कितनी देर?"

"दस-पंद्रह मिनट. उससे ऊपर तो घरवाली के लिए भी नहीं."

मी कप्तान सिंहकडे बघितलं. त्याने खांद्यावरचा लाल चौकड्यांचा गमछा आधीच हातात घेतला होता.

ऑफिसला आल्यावर नोट लिहिली. सिकरवारांनी फोनवरच होकार दिला आणि वर हसले, "ये तो मैं ही बता देता, आपने पूछा ही नहीं." साहेबांनी नोट दोनदा वाचली.

"सुनंदाजी, सरकारी फाइल में गमछा?"

"सर, आप कोई और शब्द दे दीजिए."

त्यांनी थोडा विचार केला, मग 'गमछा' खोडून 'स्थान आरक्षण चिह्न' लिहिलं आणि सही केली.

गुरुवारी मी परत तिराह्यावर. सहा अडतीसला कप्तान सिंह आला. बस लागताच त्याने गमछा खिडकीतून दुसऱ्या सीटवर पसरला, चारही कोपरे नीट ओढून, आणि तो दूध घेऊन निघून गेला. सातला मुन्नाने इंजिन चालू केलं आणि दार लावून घेतलं. सात पाचला शिवपुरीची बस मागे येऊन उभी राहिली. तिच्या कंडक्टरने खाली उतरून पत्र्यावर थाप मारली.

"ऐ मुन्ना! टाइम हो गया, हटा अपना डब्बा!"

मुन्नाने अंगठ्याने मागची सीट दाखवली. कंडक्टरने खिडकीतून आत डोकावून बघितलं.

"किसका है?"

"करौंदीवाली का. अस्पताल जाना है."

कंडक्टर दोन पावलं मागे सरला. "तो सो मत जाना," एवढंच म्हणाला आणि आपल्या सवाऱ्यांना हाका मारायला लागला.

सात आठ. सात दहा. मुन्नाने घड्याळ बघितलं, मग मला. मी रस्त्याकडे बघत होते. रजिस्टरमध्ये त्या तीन-चार मिनिटांत काहीच लिहिलेलं नाही, जे माझ्याकडून सहसा होत नाही.

सात बाराला वळणावर धूळ दिसली. छपरावर बोरे, दाराशी लटकलेली माणसं, अशी आमची जोड-फेरी आली. रामबेटी सगळ्यांत आधी उतरली. तिला धावता येत नव्हतं, ती चालतच आली. मुन्नाने दार उघडलं. ती गमछ्याजवळ गेली, तो उचलला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि बसली. बस सुटली.

मी मोरीवर टेकले. टपरीवाल्याने न विचारता चहा दिला.

नऊ वाजून चार मिनिटांनी माधुरीचा फोन. "लावलं गं मशीनवर. आणि ही बाई कुणाचा तरी गमछा कवटाळून बसलीय, सोडायलाच तयार नाही."

त्या दिवशी मी ऑफिसात कुणावर चिडले नाही, असं शिपाई नंतर सांगत होता.

अठरा दिवसांनी नवा आदेश आला. आता टाइमटेबलमध्ये गुरुवारचा वेगळा रकाना आहे, आणि जोड-फेरी त्या दिवशी पाच पन्नासला सुटते. तरी भाजीवाले कधी कधी उशीर करतातच. म्हणून गमछाही चालू आहे. माझ्या सर्वेक्षणाच्या फॉर्मलाही पंधरावा रकाना जोडला: 'इथे सगळ्यांना ठाऊक असलेली, पण तुम्ही मला न सांगितलेली गोष्ट कोणती?' लोक आधी हसतात, मग बरंच सांगतात.

त्या सोमवारच्या मिनिट्समधली कामं मी काल पुन्हा तपासली. जवळपास सगळ्यांवर टिक आहे. मंगळवारी तिराह्यावरून आल्यावर मी जोडलेलं शेवटचं एक उरलंय: पिपरौली तिराह्यावर बसायला शेड. रस्तावाले म्हणतात जमीन पंचायतीची, पंचायत म्हणते सिंचनवाल्यांची, सिंचनवाले म्हणतात मोरी तेवढी आमची. रामबेटी अजून त्या मोरीवरच बसते. 'जबाबदारी' या रकान्यात मी सध्या पेन्सिलने माझं नाव लिहून ठेवलंय.