लॉगमधला एकच पत्ता

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगणं सोपं जातंय — की त्यातही पळवाटच आहे? असो. सुरुवात करतो, नाहीतर पुन्हा टाळीन.

छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत, आमची बारा-तेरा जणांची कंपनी होती. एका खासगी कॉलेजचं अंतर्गत गुण भरायचं वेब अ‍ॅप्लिकेशन मी चालवायचो. ते थेट इंटरनेटवर उघडं नव्हतं. त्याच्यापुढे रिव्हर्स प्रॉक्सीचा सर्व्हर होता. म्हणजे काय, तर अपार्टमेंटच्या गेटवरचा वॉचमन. बाहेरचा माणूस त्यालाच भेटतो, आणि निरोप घेऊन वर जातो तो वॉचमन. घरातल्यांना दारात दिसतो फक्त तोच. म्हणून त्याला बजावून ठेवावं लागतं — बाबा, कोण आलं होतं तेही सांगत जा. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये त्यासाठी एक ओळ असते. बसवताना ती मी लिहिली नाही. विसरलो. नंतर दोनदा आठवलं, पण चाललंय ना, मग कशाला हात लावा, म्हणून सोडून दिलं. आमच्या धंद्यात या एका विचारानं जेवढी वाट लावलीय तेवढी कुठल्या व्हायरसनं लावली नसेल.

हा पुढचा, वॉचमनवाला सर्व्हर सांभाळायचा सलीम. सिल्लोडचा, तेव्हा लागून आठच महिने झालेला. प्रत्येक वायरला चिठ्ठी चिकटवणारा माणूस — आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो, आणि काही बिघडलं की त्याच चिठ्ठ्या वाचायचो.

मग चार विद्यार्थ्यांचे गुण बदललेले सापडले. ज्या प्राध्यापकांच्या लॉगिनमधून बदल झाले होते, ते त्या दिवशी वेरूळला लग्नात होते. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला अ‍ॅप्लिकेशनचा लॉग, म्हणजे कोण कधी कुठून आत आलं याची नोंदवही, आणायला सांगितला. मी चार नोंदींचा कागद छापून नेला. चारही नोंदींपुढे पत्ता, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा नंबर, पुढच्या सर्व्हरचाच. सरांनी विचारलं, ही मशीन कोणाकडे असते? मी म्हणालो, सलीमकडे.

खोटं बोललो का? नाही. तेच तर. त्या लॉगमध्ये वर-खाली पाहिलं असतं तर प्रत्येक नोंदीपुढे तोच पत्ता दिसला असता — प्राचार्यांच्या नोंदीपुढेही. वॉचमन सगळ्यांच्या जागी स्वतःचंच नाव सांगत होता, कारण मी त्याला शिकवलं नव्हतं. हे मला कागद छापतानाच कळलं होतं. तरी मी चारच ओळी छापल्या.

मीटिंगला बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचं नाव सलीम नसतं, तर इतक्या पटकन डोलावल्या असत्या का? हा प्रश्न मला त्याच खोलीत पडला होता. मीही मान खालीच ठेवली.

त्याचं लॉगिन लगेच बंद झालं. संध्याकाळी तो पार्किंगमध्ये माझ्यासाठी थांबला होता. चिडलेला नव्हता, घाबरलेला होता.

"भाई, समोरच्या सर्व्हरचा लॉग बघ ना एकदा. त्यात खरा पत्ता असतोय. सातच दिवस राहतो, मग आपोआप पुसतो. आज पाचवा हाय."

मी म्हणालो, बघतो.

आणि मी बघितला — हे ऐका, कारण इथपर्यंत चूक होती, इथून पुढे चूक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसात कोणी यायच्या आत, मी तो लॉग उघडला. त्याच वेळेच्या चार नोंदी होत्या, आणि पत्ता पूर्ण बाहेरचा. आमच्या ऑफिसचा नाही, आमच्या कुठल्याच मशीनचा नाही. कोणीतरी प्राध्यापकांचा पासवर्ड मिळवून समोरच्या दारानंच आत आलं होतं. कॉपी करून सरांना पाठवायला दोन मिनिटं लागली असती. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता: तुझ्या लॉगमध्ये हा पत्ता का नाही? मला त्या महिन्यात टीम लीडर करणार होते. मी फाइल बंद केली. सलीमला सांगितलं, काहीच सापडलं नाही रे. दोन दिवसांनी लॉग पुसला गेला, आणि सलीमला काढलं. पुढच्या आठवड्यात मी ती ओळ लिहिली. तेव्हापासून खरे पत्ते यायला लागले. कोणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्याचा फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत झाली होती, जुन्या ऑफिसातलं कोणाचं तरी नाव द्यायचं होतं.

"तुझं देऊ का? तिथं माझ्यासाठी तूच तर धडपडला होतास."

मी हो म्हणालो. कंपनीतून फोन आला. त्यांनी विचारलं, ते गुणांचं प्रकरण काय होतं? मला पुन्हा एक संधी मिळाली होती, आणि समोर सर नव्हते, प्रमोशन नव्हतं, काहीच नव्हतं. मी म्हणालो, माणूस कामाला चांगला होता, त्या प्रकरणाबद्दल मला नीट माहिती नाही.

त्याला ती नोकरी मिळाली नाही. तो आता सिल्लोडला दुकानांत कॅमेरे बसवून देतो. हे त्यानंच फोन करून सांगितलं, आणि नाव देऊ दिलंस म्हणून माझे आभार मानले.

मी म्हणालो, अरे, त्यात काय.