अन्सार मिस्त्रीची रनिंगमधली जीप

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत अन्सार मिस्त्रीचं गॅरेज. कोणी त्याच्या हुनराची तारीफ केली, की तो दारातली स्वतःची जीप दाखवायचा. "दिव्याखालचा अंधार पाहाचा असंन तं हा पाहा." जीप टर्बो डिझेलची, साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. ती रस्त्यावर निघाली की मागच्याला धुराशिवाय काही दिसत नसे.

याच जीपने मिस्त्रीची अब्रू घालवली होती. मेहुणा अजहरच्या लग्नाला अकोल्याला जाताना मूर्तिजापूरजवळ तिने दम तोडला. नवरदेवाची सख्खी बहीण, म्हणजे अन्सारची बायको बिल्कीस, जरीचे कपडे सावरत धक्का मारतेय आणि नामांकित मिस्त्री स्टेअरिंगवर! दोघं पोचली तेव्हा निकाह आटोपला होता. "त्या गाडीत माहा जनाजा बी नेऊ नका," बिल्कीस म्हणाली आणि तेव्हापासून माहेरी एसटीने जाऊ लागली. हा किस्सा अन्सार स्वतःच हसत हसत सांगायचा. पण तिला बसस्टँडवर सोडून रिकामी जीप घेऊन परतताना त्याला फार वाईट वाटायचं.

त्या सालांत कपाशीने लागोपाठ दगा दिला. अंजनगावचे खुशालराव त्याचं जुनं गिऱ्हाईक, पण त्यांनीही ट्रॅक्टर झाडाखाली लावून बैल जुंपले. गॅरेजमध्ये ते यायचे ते नुसते बसायला. अन्सार धीर काय देणार, चहा द्यायचा. इंजिन बांधायला कोणी आणेना, हात रिकामे, म्हणून त्याने स्वतःचीच जीप उघडली. ब्लॉक बोअर करून मोठे पिस्टन टाकले, टर्बो खोलून साफ केला, डिझेलचा पंपही वाढवला. नुसत्या दुरुस्तीवर त्याचं भागणार नव्हतं, त्याला ताकद हवी होती. बिल्कीसला शेजारी बसवून अकोला सव्वा तासात गाठतो, असं त्याने गल्लीभर सांगून ठेवलं.

त्याने खूप मिनतवाऱ्या केल्यावर अखेर बिल्कीस तयार झाली. अंगात जुने कपडे, पायात लेकीचे, शाहीनचे, कॅनव्हासचे बूट. धक्का मारायला बरे, म्हणाली.

बडनेरा मागे पडलं तेव्हा कुठे अन्सारला आपलंच ब्रह्मज्ञान आठवलं. नवं बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर रनिंगमध्ये असतं. चाळीसच्या वर पळवलं तर पिस्टन जाम. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दम देऊन सांगायचा, फक्त बढाई मारताना विसरला होता.

एसटी पुढे गेली. कापसाचा ट्रॅक्टर पुढे गेला. मग अमरावतीचं काम उरकून घरी निघालेला अजहर मोटरसायकलवर शेजारी आला आणि म्हणाला, "दुल्हेभाई, धक्का देऊ का?"

अन्सारचा पाय शिवशिवला. एकदा दाबलं असतं तर मेहुणा धूळ खात मागे राहिला असता.

"काहून दाबत नाही?" बिल्कीसने विचारलं.

"नवं इंजिन हाय. आता दाबलं तं पाच मिनिटं शान होईन. मंग तुले पुन्हा उतरा लागंन."

"मातीचा नवा तवा बी पयल्या दिवशी मोठ्या जाळावर ठेवत नाही," बिल्कीस म्हणाली. मग तिने बूट काढले आणि सीटवर मांडी घातली. अकोल्यापर्यंत ती बोलत होती, शाहीनच्या शाळेचं, आईच्या गुडघ्यांचं, कशाकशाचं. घरी हा माणूस असा तिच्या हाती कधी लागलाच नव्हता. अन्सारला तो रस्ता पहिल्यांदाच लहान वाटला.

हजार किलोमीटर यथावकाश पुरे झाले. अन्सारने ऐटीत सांगितलं, की आता ही एकशेवीसने पळते.

"पळवाचीच असंन तं मी एसटीनं जातो," बिल्कीस म्हणाली.

"तसं पाह्यलं तं अजून रनिंगच हाय," अन्सार म्हणाला.

त्याला बरीच वर्षं झाली. जिल्ह्यातलं सगळ्यात ताकदवान इंजिन आपणच बांधलं, असं तो अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो. बिल्कीस शेजारी असली की मात्र कापसाचे ट्रॅक्टर त्याला मागे टाकून जातात, आणि तो त्यांना हात दाखवून वाट देतो.