तोटीतली चामड्याची चकती

मला खोटं बोलता येत नाही, असं माहेरी सगळे कौतुकाने सांगत. येत होतं. एकदाच बोलले, एकाच शब्दाचं, तेही पाण्याच्या तोटीपायी, आणि ते पहिल्या झटक्यात जमलं.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. लग्न होऊन मी दिवेआगरला आले तेव्हा आमच्या वाडीतल्या विहिरीवर आम्ही आणि शेजारची तीन घरं पाणी भरत होतो. समुद्र हाकेच्या अंतरावर. विहिरीच्या आत एक काळा दगड होता. तो उघडा पडला की रहाटगाडगं बंद करायचं, हा सासऱ्यांच्या वेळचा नियम. त्याच्याखाली उपसा केला की समुद्राचं पाणी झिरपून विहीर खारी होते. पलीकडच्या वाडीवाल्याने हट्टाने उपसा केला होता, तर पुढची दोन वर्षं त्याच्या घरी डाळ धड शिजली नाही.

आमचे हे मुंबईला नोकरीत. बायकोला कळशा वाहाव्या लागू नयेत म्हणून त्यांनी मागच्या भिंतीला सिमेंटची टाकी बांधून घेतली. सकाळी गडी बैल जुंपून ती भरायचा आणि लोखंडी नळातून मागल्या दारी पाणी यायचं. पहिली तोटी पितळेची होती. तिची चावी आडवी केली की पाणी बंद. आत पितळेवर पितळ घासून बसवलेलं, दुसरं काही नाही. आळीतल्या बायका बघायला आल्या आणि मी मिरवत मिरवत चारदा उघडून दाखवली. महिन्या-दोन महिन्यांत ती गळायला लागली. खाली ठेवलेलं तपेलं स्वयंपाक उरकेपर्यंत भरून वाहायचं. दुपारी टाकी रिकामी, की गडी पुन्हा बैल जुंपणार. माघ संपायच्या आत काळ्या दगडाची कड दिसू लागली.

गडी म्हणाला, "वैनी, अशानं हीर खारी व्हनार. मंग चार घरांनी काय पियाचं?"

मी ह्यांना पत्र घातलं. शिमग्याला बोटीने आले ते दोन तोट्या घेऊन. एक दाबून धरायची, हात काढला की आपोआप बंद. पाणी वाचवायला उत्तमच, पण एका हाताने तोटी दाबायची, दुसऱ्याने घागर सावरायची, मग नाकावरची माशी कोण हाकणार? दुसरी फिरकीची. ती बंद करून मी गाल फुगवून फुंकलं, वारासुद्धा पलीकडे गेला नाही. मला तीच पसंत पडली. ती चालते कशी हे दाखवायला ह्यांनी माझ्यासमोर खोलली. आत रुपयाएवढी गोल चकती होती, चामड्याची. दोन्ही तोट्यांत तीच. तिच्यामुळेच पाणी थेंबभरही गळत नव्हतं.

सासूबाई सोवळ्याच्या. पंचविशीत त्यांचं कुंकू गेलं. त्यानंतर घर दिराच्या हुकमात गेलं, दागिने पेटीत गेले, आणि त्यांच्या स्वतःच्या मालकीचं असं सोवळं तेवढं उरलं. चामड्याला लागलेलं पाणी त्यांना प्यायला चालत नसे, देवाच्या नैवेद्याला तर नाहीच. पहिली तोटी बसवतानाही त्यांनी एवढंच विचारून घेतलं होतं.

हे म्हणाले, आईला तूच काय ते सांग. पुरुषांना मुंबईहून तोटी आणता येते, आईसमोर तोंड उघडता येत नाही. तोटी बसली. सासूबाई ओलेत्याने आल्या, तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि विचारलं, "आत चामडं नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

त्या वर्षी वैशाख संपला तरी काळा दगड पाण्याखाली होता. विहीर गोड राहिली. पण सासूबाईंनी तोटीला हात घातला की माझं लक्ष पोळीवरून उडायचं. त्या पाण्याने त्या देवाची भांडी घासत, त्यातच भात टाकत, एकादशीला तेच पिऊन दिवस काढत. वर शेजारणींना सांगत, सुनेने तोटी पारखून घेतली हो. ते ऐकलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटे. सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं, आणि शंभरदा मी दगडाकडे बोट दाखवून स्वतःला गप्प केलं.

दोन वर्षांनी तोटी ठिबकू लागली. कुणाला दाखवायची म्हणजे खोलणं आलं. मी फिरकी जोर लावून आवळली, खाली चिंधी बांधली, भांड्यांचा आवाज करून ठिबकणं झाकलं. पण सासूबाईंचे कान तिखट. आळीत तांबट आला होता, त्याला त्यांनी आपणच हाक मारली. मी पडवीत सुपाऱ्या सोलत होते. धावत मागल्या दारी गेले तोवर तोटी खोलून झाली होती.

तांबटाने काळा, सडका तुकडा तळहातावर घेऊन दाखवला. "चामडं कुजलं, आजी. नवं हाय माज्याकडं, घालून देतो."

सासूबाईंनी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं आणि भडाभडा बोलत सुटले. विहीर, काळा दगड, चार घरं, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"विहिरीचं तुझं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतंस तर तोटी तुम्ही वापरली असतीत, मी माझी कळशी पोहऱ्याने काढली असती. सोवळं माझं होतं गं. मोडायचं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस."

मग त्यांनीच तांबटाला नवं चामडं घालायला सांगितलं. तीन दिवस उपास करून पंचगव्य घेतलं आणि चौथ्या दिवसापासून स्वतःची कळशी स्वतः विहिरीवरून आणू लागल्या. मी पाया पडले, म्हटलं मी काढून देते. नको म्हणाल्या, रागाने नाही, परक्या बाईला म्हणावं तसं. पुढच्या खेपेला हे रबराची चकती घेऊन आले. मुंबईत ती आधीपासून मिळत होती, आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं, इतकंच. त्यांनी तोटी आईसमोर उघडून दाखवली, सासूबाईंनी वाकून नीट पाहिलीसुद्धा. तरी कळशी विहिरीवरच भरत राहिल्या, पाठीत पोक येईपर्यंत.

शेवटच्या आजारात त्यांना उठवेना. एका दुपारी त्यांनी पाणी मागितलं. मी विहिरीवर गेले, पोहरा सोडला, कळशी भरून आणली आणि भांडं त्यांच्या ओठांशी नेलं.

"पोहऱ्याचं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. खरंच होतं ते. त्यांनी ओठ उघडले नाहीत. हात पुढे करून माझा पदर चाचपला. तो पोहऱ्याच्या पाण्याने ओला झाला होता. मग त्या पाणी प्यायल्या.