विसावा फॉर्म

भूतबीत मी मानत नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना हसणाऱ्यांतली मी... म्हणूनच हे लिहायला तीन वर्षं लागली.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला समाजसेवेचा पेपर होता. भिलाईतल्या कॅम्प-1 या वस्तीत वीस घरी जायचं, म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचे फॉर्म भरायचे आणि गरज असेल त्यांना डोळ्यांच्या शिबिरात न्यायचं. एकोणीस घरं मी केली. ऊन मी म्हणत होतं. विसावा फॉर्म वैशाली नगरला आमच्या घरी, कूलरसमोर बसून भरला. सुचलं ते नाव – देवकाबाई नान्हे. एकटी राहते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. घर नंबरही मनाचाच.

पंधरा दिवसांनी हा पेपर शिकवणाऱ्या वानखेडे सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. ते काही घरं तपासून आले होते. मला वाटलं, गेलं वर्ष.

"नान्हेबाई भेटल्या," सर म्हणाले. "पाणी देल्लं मले. म्हणे, पोरगी शिबिरात नेईन म्हणाली, आलीच नाही. कावून गेली नाहीस तू?"

दुपारीच स्कूटी काढली. त्या नंबरचं घर खरंच होतं. दाराला गंजलेलं कुलूप. शेजारची बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"देवकाबाई? तिले जाऊन चार वर्सं झाले. एका डोळ्यानं दिसेच ना, नालीत पडली. लोकं येत, लिहून नेत. परतून कोनी आलं नाही."

"कोणता डोळा?"

तिनं आपल्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

मी सरांना सगळं सांगितलं. फॉर्म खोटा, बाई वारलेली...

"मी तिच्या हातचं पाणी प्यालो," ते म्हणाले. मग हळूच – "फॉर्म वर गेले आता. कोणाले सांगू नको."

त्या पेपरात मी वर्गात पहिली आले. माझी मैत्रीण रंजना एका आजीला हाताला धरून शिबिरात घेऊन गेली होती. तिचे दोन फॉर्म कमी भरले, म्हणून ती मागे राहिली.

ते नाव मला कुठून सुचलं, सरांना पाणी कोणी दिलं – आजही सांगता येत नाही. मी विचार करणं सोडलंय.

पण माझ्या खऱ्या एकोणीस घरांत सहा जणांना नीट दिसत नव्हतं. ती माणसं जिवंत होती, दारात बसलेली असायची. त्यांतल्या एकालाही मी नेलं नाही.