तांब्या न पाडणारा ड्राइव्ह

आमच्या घरात कॉम्प्युटर यायचा होता तेव्हा मला त्यातलं सगळं कळतं असा घरच्यांचा समज होता, आणि तो मी मोडला नव्हता. सहा महिन्यांचा कोर्स केलेला, प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरलं, तसं अण्णांनी मॉनिटर कुठला, माऊस कुठला, सीडी ड्राइव्ह कुठला हे सगळं माझ्यावर सोपवलं. "तू म्हणशील ते," ते म्हणाले. मला बिघडवायला एवढं वाक्य पुरलं.

कॉम्प्युटर कशासाठी, याची आमच्याकडे दोन उत्तरं होती. विचारणाऱ्यांना आम्ही सांगायचो, अभ्यासासाठी. लातुरात त्या दिवसांत दुसरं कारण कुणाला पटलंही नसतं. क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एखादी खोली मोकळी करून बाहेरगावच्या मुलांना दिलेली. आमच्या मागच्या दोन खोल्यांत चौघी राहायच्या: दोघी देवणीच्या, एक धर्माबादची, एक इस्लापूरची. चौघी बारावीला आणि चौघींना डॉक्टरच व्हायचं होतं. खरं उत्तर मात्र फक्त अण्णांना आणि मला माहीत होतं. कॉम्प्युटर घेतला होता तो आईला सिनेमा दाखवायला.

आई नांदेडची. लग्नाआधी नांदेडात आणि लग्नानंतर लातुरात तिनं एक सिनेमा सोडला नाही, असं अण्णा सांगायचे. मला आठवते ती सिनेमा पाहून आल्यानंतरची आई. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर गल्लीतल्या बायका जमायच्या आणि ती गोष्ट सांगायला बसायची. सासूचा आवाज काढायची, नायकाची चाल करून दाखवायची, खलनायकाला मधेच स्वतःच्या पदरच्या दोन शिव्या घालायची. तीन तासांचा सिनेमा तिला सांगायला चार तास लागायचे. मधे चहा व्हायचा. मी तिच्या मांडीला टेकून ऐकायचे, आणि पुढं मोठेपणी ते सिनेमे प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मला ते जरा पडेलच वाटले.

मग भूकंप झाला. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. मधल्या भिंतीला तडा गेला आणि माळ्यावरची भांडी खाली आली, एवढंच. पण जी गावं झोपेत गाडली गेली त्यांच्यासाठी आईनं महिनाभर भाकरी थापल्या. अण्णा त्या पोचवून यायचे आणि हातपाय धुऊन ताटावर बसायचे. त्यानंतर आई स्लॅबखाली टिकेना. अण्णांनी अंगणात तिच्यासाठी पत्र्याची खोली बांधली. आतल्या घरात ती स्वयंपाकापुरती जायची, तीही दार सताड उघडं टाकून. टीव्ही आतल्याच घरात होता, त्यामुळं तोही सुटला. टॉकीजचं तर नावच नको. "मला न्हाई बसवत," म्हणायची, की विषय संपला. सिनेमे संपले तशा गोष्टीही संपल्या. आईचा मला तेव्हा राग यायचा, हे कबूल करते. माझ्या वाटणीची काहीतरी मजा तिनं परस्पर बंद केली, असं वाटायचं.

तिनं एक यंत्रही तयार केलं होतं. तसं ते तेव्हा बऱ्याच घरांतून होतं, पण आईनं ते दहा वर्षं चालवलं. स्टीलचा पेला उपडा ठेवायचा आणि त्याच्यावर तांब्या. पेल्याचं बूड एवढंसं आणि तांब्या गुबगुबीत. जमीन जराशी हलली तरी तांब्या खाली येणार आणि त्या आवाजानं सगळ्यांनी बाहेर पळायचं. झाडताना, पुसताना ती ही जोडी अलगद उचलायची आणि तशीच परत रचायची. कॉम्प्युटर पत्र्याच्या खोलीत मांडला तसं तिनं खोलीभर नजर फिरवली आणि जोडी कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याच्या, डोक्यावर ठेवली. तिथं कुणाचा धक्का लागणार नाही, असा तिचा हिशेब.

आता ड्राइव्हचं सांगते. लातूरच्या दुकानात दोन खोकी पुढं आली. एकावर लहान आकडा होता, दुसऱ्यावर ठळक अक्षरांत बावन्न. हा आकडा म्हणजे आत सीडी किती जोरात फिरते त्याचा. मी बावन्नवर बोट ठेवलं. दुकानदारही म्हणाला, लई फास्ट हाय. सिनेमा बघायला सीडी कशाला एवढी पळवायची, हा प्रश्न प्रमाणपत्रवालीला पडला नाही. घरी आल्यावर मी ड्राइव्ह स्वतः बसवला. त्याला चार स्क्रू लागतात. दोन लावले, कारण दुसऱ्या बाजूचं झाकण काढायचा कंटाळा आला.

रविवार होता, सकाळची वेळ. आई दाराशी तांदूळ निवडत होती. मी भाड्यानं आणलेली सीडी ट्रेवर ठेवली. तिच्यावर दुकानाचं कागदी लेबल वाकडं चिकटवलेलं होतं. ट्रे आत गेला. आधी बारीक गुणगुण, मग घरघर, मग कॅबिनेट थरथरायला लागलं, टेबल थरथरायला लागलं, आणि तांब्या खणकन फरशीवर.

"भाईर! भाईर निघा!" आई ओरडली. तांदूळ अंगणभर. मागच्या चौघी एका मिनिटाच्या आत रस्त्यावर. एकीच्या तोंडात पेस्टचा फेस, एकीच्या हातात फिजिक्सचं पुस्तक, त्यात बोट घालून पान धरून ठेवलेलं. त्यांना पाहून समोरचे निघाले, समोरच्यांना पाहून शेजारचे. पाच मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यात उभी होती आणि एकमेकांना विचारत होती, "तुमाला जाणवलं का?" जाणवलं नाही असा एकही माणूस नव्हता. कोपऱ्यावरच्या काकूंना तर दोन धक्के जाणवले होते, पहिला लहान, दुसरा मोठा.

आत जाऊन ड्राइव्ह बंद करायचीही माझी हिंमत होईना. शेवटी अण्णांच्या कानात सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेले, बटण बंद करून बाहेर आले आणि हात जोडून गल्लीला खरं काय ते सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. काकू तेवढ्या म्हणाल्या, "पर मला जाणवलं ते खोटं कसं?"

आई हसली नाही. ती सगळे गेल्यावरही बराच वेळ ओट्यावर बसून होती. मी पाणी दिलं तर तिनं घेतलं नाही. "ते यंतर माझ्या खोलीत नको," एवढंच म्हणाली. आम्ही तिच्यासाठी आणलेली वस्तू तिच्याच जिवावर उठली होती, आणि ती निवडली होती मी. आयुष्यात फार थोड्या वेळा मला स्वतःची इतकी लाज वाटली असेल.

दोन दिवसांनी अण्णांनी तिला सांगितलं की खरं कारण काय होतं, कॉम्प्युटर कुणासाठी होता. ती म्हणाली, "नांदेडच्या चाचांना दाखवू."

हे चाचा तिच्या माहेरच्या गल्लीतले. तरुणपणी टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचे. लहानपणी आईनं कितीतरी सिनेमे त्यांच्या केबिनमधल्या चौकोनी भोकातून पाहिले होते. टॉकीज बंद पडल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मग व्हीसीआर, आता कॉम्प्युटर. सत्तरीचे, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, दुकान बैठकीच्या खोलीएवढं. आम्ही एसटीनं गेलो. अण्णांच्या मांडीवर बावन्नचा ड्राइव्ह, माझ्याकडे सीडी, आणि आईकडे कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मला दुकानात पोचल्यावर कळलं. तिनं पेला आणि तांब्या सोबत आणला होता.

"आई, अगं लोक हसतील," मी कुजबुजले.

"हसू दे. तुझ्या आकड्यावर माझा भरोसा न्हाई."

चाचा हसले नाहीत. त्यांनी जोडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि टेबलावरच्या कॅबिनेटवरचा पसारा बाजूला केला. "ठेव बेटी. बराबर हाय. ह्याच्यापेक्षा चांगलं मीटर माझ्याकडं बी न्हाई."

आधी त्यांनी आमचाच ड्राइव्ह लावला, चारही स्क्रूंनी. दोनच भोकांत स्क्रूच्या खुणा दिसल्या तसं, दोनच कुणी लावले होते, हे त्यांनी विचारलं आणि अण्णांनी छताकडे पाहिलं. चार स्क्रूंनी थरथर कमी झाली, पण तांब्या खाली आलाच. चाचांनी तो हवेत झेलला. दुसरा ड्राइव्ह नवा कोरा. तांब्या नाचत नाचत कडेला आला आणि गेला. तिसरा डीव्हीडीचा, काळा चकचकीत. माझा जीव त्याच्यावर बसला होता. पाच मिनिटं तो शहाण्यासारखा चालला, मग आतून एकदा गुरगुरला, आणि तांब्या अर्धा वळला.

"न्हाई," आई म्हणाली.

"पडला कुठं?" मी म्हणाले.

"वळला की."

मग चाचांनी फळीवरून एक जुना ड्राइव्ह काढला. कुठल्याशा ऑफिसच्या मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरमधला, तोंड पिवळं पडलेलं, आकडा चोवीस. मला तो हातात धरायचीही लाज वाटली. त्यांनी चार स्क्रू पिळले, प्रत्येकाखाली रबराची चकती घातली. ट्रे रखडत आत गेला. पडद्यावर गाणं सुरू झालं. चाचा गाणं बघत होते. आई खाली वाकून, डोळे तांब्याच्या रेषेत आणून, तांब्या बघत होती. रेडिओ घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक स्वतःचं काम विसरून म्हणालं, "आता पडतंय बघा." गाणं संपलं. पुढचा मारामारीचा प्रसंगही संपला. तांब्या होता तिथंच.

"पिक्चरला चोवीसच लागतंय बेटी," चाचा म्हणाले. "सेकंदाला चोवीस फोटू. जलमभर मशीन तेवढ्यावरच चालवलं मी."

या दोन चोवीसांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे मला कोर्समुळे माहीत होतं. मी तोंड बंद ठेवलं. एवढं शहाणपण मला तोवर आलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मागच्या चौघी क्लासच्या टेस्टला गेल्या होत्या. आई दाराला लागून, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून बसली. तांब्या कॅबिनेटवर. सिनेमा सासू-सुनेचा, रडका, अगदी तिच्या आवडीचा. सुरुवातीला तिची नजर पडद्यावर कमी आणि वर जास्त. मी मोजत नव्हते, पण मलाही दुसरं काही दिसत नव्हतं. अर्ध्या तासानं तिचा पाय आत आला. आणखी थोड्या वेळानं ती सुनेला म्हणाली, "बोल की गं, तोंड हाय न्हव?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

एका सिनेमाच्या दोन सीड्या असायच्या. पहिली संपली, मी दुसरी शोधायला लागले. तेवढ्यात आई उठली. तिनं कॅबिनेटवरचा तांब्या उचलला, पेला सुलटा केला, कोपऱ्यातल्या माठातून तांब्यानं पाणी घेतलं, पेल्यात ओतलं आणि घटाघटा प्याली. मग दोन्ही भांडी आपल्याजवळ खाली ठेवून पडद्यासमोर, खोलीच्या मधोमध, मांडी घालून बसली.

"लाव की दुसरी. काय बघून राहिली माझ्याकडं?"

मी दुसरी लावली. ट्रेवर ती दोनदा वाकडी बसली.

सिनेमा संपला तेव्हा उन्हं उतरली होती. मी सवयीनं पेला उपडा करून कॅबिनेटवर ठेवायला गेले. आई पदर सारखा करत दारात उभी होती. टेस्ट देऊन चौघी परत येत होत्या, पडलेल्या चेहऱ्यांनी.

"राहू दे," आई मला म्हणाली. "उष्टा हाय तो. दोन्ही घासायला टाक." आणि चौघींना म्हणाली, "या गं, बसा हितं. चहा ठेवते. आज काय झालं, एक सासू होती..."

मी मोरीत जाऊन बसले. ओट्यावरून आधी सासूचा आवाज आला, मग सुनेचा, मग त्या पोरींचं हसणं. मला रडू आलं आणि ते मी येऊ दिलं. एक पेला आणि एक तांब्या घासायला मला त्या दिवशी अर्धा तास लागला.